गव्हाच्या चिकातला झगा

आमच्या मॅडमनी जन्मात एकही बॅले पाहिला नव्हता. म्हणजे नाट्यगृहात जाऊन, समोर खुर्चीत बसून पाहिला नव्हता. पाहणार कुठे? जळगावात ऑर्केस्ट्रा येतो, सर्कस येते, नवरात्राच्या आधी गल्लोगल्ली गरब्याचे क्लास लागतात. बॅलेवाला कोणी वाट चुकूनही इकडे फिरकलेला नाही. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी लंडनच्या रंगमंचावर नाचणाऱ्या बाईने झग्याच्या आत काय घातलं होतं, आणि नाच संपवून आत आल्यावर ती आधी कुठली गाठ सोडायची, हे मॅडम अशा सांगायच्या, जणू ती बाई त्यांच्या मेहरूणच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होती.

मी दीपनगरची. वडील वीज केंद्रात नोकरीला. बारावी झाल्यावर मला जळगावच्या एका महिला संस्थेत ड्रेस डिझायनिंगच्या डिप्लोमाला घातलं. शिवता येणारी बाई उपाशी मरत नाही, असं आमच्या काकूचं मत होतं आणि घरात काकूच्या मतापुढे कोणाचं चालत नसे. रोज एसटीने जायचं, संध्याकाळी यायचं. अभ्यासक्रमात कटिंग, शिवण, भरतकाम यांच्याबरोबर ‘वेशभूषेचा इतिहास’ असा एक पेपर होता आणि तो मॅडम शिकवायच्या. पुस्तकात इजिप्तपासून आजपर्यंत सगळं होतं. मॅडम इजिप्त, ग्रीस, रोम आणि मोगल दिवाळीच्या आत उरकून टाकायच्या. दिवाळीनंतर ज्या एडवर्डियन काळात शिरायच्या, त्या परीक्षेपर्यंत तिथून बाहेर म्हणून यायच्या नाहीत.

हा काळ कुठला, हे आम्हाला पहिल्या दिवशी काही केल्या कळेना. तेव्हा त्या म्हणाल्या, “घरी लक्ष्मीपूजनाला जुने चांदीचे रुपये ठेवतात ना? ते बघा. राणीच्या डोक्यावर मुकुट आहे, तिच्या नातवाच्या डोक्यावरही आहे. मधला एक राजा आहे टकला, बिनमुकुटाचा. तो रुपया सापडला तर समजा, माझा काळ सापडला.” दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग टकल्या राजाचे रुपये घेऊन हजर. एका मुलीच्या आजीने तर रुपया परत येईपर्यंत जेवणार नाही म्हणून सांगून पाठवलं होतं. मॅडमनी प्रत्येक रुपया हातात घेऊन निरखला आणि एखाद्या जुन्या ओळखीच्या माणसाला भेटल्यासारख्या हसल्या.

दिसायला लहानखुऱ्या. सुती साडी, कडक इस्त्रीची, आणि ब्लाऊज इतका सैल की आत अजून एक बाई मावली असती. मार्केटमधले ब्लाऊजचे मास्टर त्यांना पाहिलं की मशीनखाली वाकून दोरा शोधायला लागत. एकाने एकदा त्यांच्या मापात आपल्या अकलेने, अंगाशी घट्ट बसावा म्हणून, दोन टक्स जास्त घातले होते. मॅडमनी तो ब्लाऊज दुकानातच त्याच्या हातात दिला आणि म्हणाल्या, “हा घालून तुम्ही दोन तास मशीन चालवून दाखवा, मग मी घेते.” स्टाफरूममध्ये त्यांच्या ब्लाऊजला मच्छरदाणी म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना काडीचंही वाईट वाटत नसे.

लग्नाच्या रिसेप्शनला गेल्या की पाकीट देताना त्या नवरीच्या कानाशी लागून विचारायच्या, “जेवलीस का? यात जेवता येतं का?” फोटोग्राफर खोळंबलेला, मागे रांग लागलेली, आणि नवरी बिचारी हसावं की रडावं या पेचात. “कपडा कसा दिसतो हे कोणीही सांगेल,” हे त्यांचं पालुपद, “तो बाईला काय काय करू देत नाही, ते आधी बघा.” ही सवय त्यांनी आम्हालाही लावली. अजूनही टीव्हीवर कोणी नटून थटून आलं की मला ती नटी दिसतच नाही. ही आता जिना कसा चढणार, एवढंच डोक्यात येतं.

त्यांचा मुख्य विषय असा. टकल्या राजाच्या काळात लंडनमध्ये रंगमंचावरची नर्तकी आणि नाट्यगृहातल्या महागड्या बॉक्समध्ये बसून तिला बघणारी श्रीमंत बाई, दोघी एकाच गोष्टीत अडकलेल्या होत्या. ती म्हणजे कॉर्सेट. छातीपासून ओटीपोटापर्यंत आवळून बांधायची चोळी, आत उभ्या कडक पट्ट्या, मागे लांबलचक नाडी. बॉक्समधलीने ती आवळली की छाती पुढे यायची, कंबर मागे जायची आणि बाई कोंबडीसारखी दिसायची. मॅडम हे वर्गात चालून दाखवत. नर्तकीला तर तेच आवळून वर नाचायचं असायचं. खाली तार्लतनच्या विरळ मलमलीचे थरावर थर, खळ देऊन ताठ केलेले. मग कोणी एक बाई अनवाणी, साधा ढगळ अंगरखा घालून नाचायला उभी राहिली. पाठोपाठ रशियातली एक बॅले-मंडळी पॅरिसला आली. त्यांच्या बायका सलवारीत, पागोट्यात, जांभळ्याशेजारी केशरी रंग लावून नाचल्या आणि पॅरिसच्या शिंप्यांची झोप उडाली. बघता बघता बॉक्समधल्या बायका पागोटी बांधून पार्ट्यांना जायला लागल्या. कॉर्सेट सैल होत होत गेली.

“पण पेपरात असं लिहू नका की बॅलेने ती सोडवली,” मॅडम बोट नाचवत म्हणायच्या. “तसं लिहाल तर शून्य देईन. सायकल होती, टेनिस होतं, पुढे युद्ध आलं. बॅलेने फक्त सगळ्यांच्या देखत दाखवलं, की हे सोडूनही बाई सुंदर दिसते.”

हे वेड आलं कुठून, ते त्यांनी एकदा मला सांगितलं. मेहरूणच्या तलावाकाठी आम्ही शेंगा खात बसलो होतो. त्यांचं लहानपण भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेलेलं. शेजारी एक म्हातारी अँग्लो-इंडियन आंटी राहायची. तिची आई लग्नाआधी विलायतेत नाचणाऱ्या मुलींच्या घोळक्यात मागच्या रांगेत होती. पुढे रेल्वेतल्या गार्डाशी लग्न करून इकडे आली आणि येताना ट्रंकेतून आपले नाचाचे कपडे घेऊन आली. आंटीने एका सुट्टीत ती ट्रंक उघडली आणि हौसेने छोट्या मॅडमना ती कॉर्सेट बांधली. “बाहेरून गुलाबी सॅटिन, गं,” मॅडम म्हणाल्या, “आणि आत पाहिलं तर घामाचे पिवळे डाग, पट्ट्यांचा गंज. मला इतकं छान वाटलं होतं. आंटीने बोरं दिली हातात. एक बोर खाली पडलं. आणि मला ते उचलता येईना. म्हटलं, ही बाई यात उड्या मारत होती?” एवढं सांगून त्या शेंगांची टरफलं पदरात गोळा करायला लागल्या. मला त्या क्षणी त्या फार आवडल्या.

माझ्या शेवटच्या वर्षी या विषयावर गंडांतर आलं. संस्थेचे सचिव नाना, कापसाच्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्याचे मालक. माणूस वाईट मुळीच नव्हता. मुलींच्या वसतिगृहात स्वतः येऊन नळाला पाणी आहे का बघणारा. पण त्यांचा हिशोब सरळ होता. त्यांनी मॅडमना बोलावून सांगितलं, “मॅडम, तुमचं ज्ञान मोठं आहे, नाही म्हणत नाही. पण पोरींना याचा उपयोग काय? येत्या जूनपासून इतिहासाचे तास ब्रायडल ब्लाऊजला द्यायचे म्हणतोय.” मॅडम तासिका तत्त्वावर होत्या. विषय गेला की त्याही गेल्या, हे सांगायची गरज नव्हती. त्यांनी एवढंच मागितलं, की गॅदरिंगमध्ये आपला विषय लोकांपुढे मांडायला थोडा वेळ मिळावा. नाना म्हणाले, “मांडा ना. लोकांना आवडलं तर मी फेरविचार करेन, शब्द देतो.”

झालं. आमचा वर्ग कामाला लागला. नाचायला प्रतीक्षा, भडगावची, वसतिगृहात राहणारी. उंच, सडसडीत, आणि मोबाईलवर बघून कुठलाही नाच उचलणारी. आधी ती कॉर्सेट आणि खळीच्या झग्यात नाचणार, मग पडदा पडणार, आणि दुसऱ्यांदा येईल ती सैल सलवार-पागोट्यात, जुन्या जरीच्या साडीतून शिवलेल्या. शेवटी तिने दोन वाक्यं बोलायची होती म्हणून गळ्याशी छोटा माईकही लावायचा ठरला. कॉर्सेटच्या पट्ट्यांसाठी मॅडमनी देवमाशाच्या हाडांपासून पोलादापर्यंत सगळी वंशावळ सांगितली आणि मग म्हणाल्या, “आपल्याकडे काय आहे?” आपल्याकडे कापसाच्या गाठी बांधायच्या लोखंडी पट्ट्या होत्या. त्या नानांच्याच जिनिंगमधून आल्या. आम्ही त्या कापून, टोकं घासून, गुलाबी सॅटिनच्या आत शिवल्या.

झग्याला खळ मात्र साबुदाण्याची किंवा बाजारची चालणार नव्हती. तिकडच्या बायका गव्हाची खळ वापरत, म्हणून इथेही गव्हाचीच पाहिजे, यावर मॅडम अडून बसल्या. प्रतीक्षा म्हणाली, “मग त्यात काय, आई कुरडया करतेय. चीक मागवते.” खानदेशात उन्हं तापायला लागली की घरोघरी गच्चीवर कुरडया वाळत असतात. गहू भिजवून, वाटून, पिळून काढलेला तो पांढराशुभ्र चीक म्हणजे निव्वळ खळच की. मॅडमना इतका आनंद झाला की त्यांनी टाळी वाजवली. दोन दिवसांनी प्रतीक्षाची आई डोक्यावर पदर, हातात स्टीलचा मोठा डबा, अशी एसटीतून उतरली. चीक शिजवूनच आणला होता. आम्ही तो पातळ केला, मलमलीचे थर बुडवले आणि वसतिगृहाच्या गच्चीवर पाण्याच्या ड्रमवर पसरून वाळवले. कावळे येऊ नयेत म्हणून प्रतीक्षाची आई काठी घेऊन शेजारी बसली. वाळल्यावर झगा असा ताठ उभा राहिला, की मॅडम त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारून आल्या.

गॅदरिंग मार्चअखेर, भर दुपारी, संस्थेच्या पटांगणात. उकाड्याने जीव जायची पाळी. नानांना मुलींची दया आली आणि त्यांनी जिनिंगमधले दोन भलेमोठे कूलर आणवून थेट स्टेजवर, दोन्ही बाजूंना लावले. पडदा उघडला. प्रतीक्षा चवड्यांवर उभी. इवलीशी कंबर, भोवती ताटासारखा पांढरा झगा. बायकांच्या बाजूने कौतुकाचा एक सूर उठला. मॅडम विंगेत माझ्या शेजारी होत्या, त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. प्रतीक्षाने पहिली गिरकी घेतली, दुसरी घेतली, कूलरच्या ओल्या वाऱ्यापुढून गेली, परत आली. आणि झगा मान टाकायला लागला. आधी एका बाजूने, मग पुढून. थोड्या वेळात तो गुडघ्यांना चिकटून पावसात भिजलेल्या कोंबड्यासारखा लोंबत होता.

पटांगण हसायला लागलं. मॅडमनी विंगेत पडलेला, खळ दिलेल्या मलमलीचा एक उरलेला तुकडा उचलला, जिभेला लावला आणि वळून म्हणाल्या, “खारट आहे.” प्रतीक्षाची आई मागेच उभी होती. ती गोंधळून म्हणाली, “मीठ ते टाकनंच पडस ना. मीठबिगर चीक कोन करस, मॅडम?” कुरडयांच्या हाताने तिने खळीतही मीठ घातलं होतं आणि त्या मिठाने कूलरचं सगळं पाणी ओढून घेतलं होतं. मला वाटलं, मॅडम आता कोसळतात. त्यांचा विषय, त्यांची नोकरी, सगळं त्या झग्यासारखं लोंबत होतं, आणि समोर नाना कपाळाला हात लावून बसले होते.

पण स्टेजवर वेगळंच चाललं होतं. लोकांचं हसणं पाहून प्रतीक्षालाही हसू आलं. आणि तिला हसता येईना. पट्ट्या तिला हसू देईनात. माईकमधून नुसत्या तुटक्या उचक्या ऐकू यायला लागल्या. तिने छातीवर हात ठेवला, चेहरा लाल झाला, आणि पटांगणातलं हसणं थांबलं. तिची आई ओरडली, “माय वं! पोरनं काय व्हई राह्यनं? इतलं काबर आवळं तिले? सोडा ना!”

मॅडम स्टेजवर गेल्या. पडदा पाडा, असं कोणीतरी म्हणत होतं, त्यांनी हाताने नको म्हटलं. प्रतीक्षाने आत पूर्ण बाह्यांचा झंपर घातलेला होता, तो मॅडमचाच नियम. त्यांनी तिच्या पाठीमागे उभं राहून नाडीची गाठ सोडली आणि एकेक घर सैल करत गेल्या. शेवटचं घर सुटलं आणि माईकमधून एक लांब, खोल श्वास सगळ्या पटांगणाला ऐकू आला. मग प्रतीक्षा हसली, खदखदून, पोट धरून, आणि सगळ्या बायका तिच्याबरोबर हसल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पुसलंही नाही. मॅडम तिच्या गळ्यातल्या माईककडे वाकून म्हणाल्या, “आमचा विषय एवढाच आहे.”

टाळ्या इतक्या पडल्या की दुसऱ्या नाचाची कोणाला आठवणच राहिली नाही.

आता खरी गंमत. कार्यक्रम संपल्यावर बायका-मुली स्टेजमागे लोटल्या. आम्हाला वाटलं, मॅडमचं अभिनंदन करायला. त्या गेल्या सरळ खुर्चीवर पडलेल्या कॉर्सेटकडे. एक ती पोटाशी धरून बघतेय, दुसरी हातातून ओढून घेतेय. “कंबर काय दिसत होती हो तिची!” “मॅडम, असं शिवून मिळेल का?” “माझ्या भाचीचं मे महिन्यात लग्न आहे, तिला असाच ब्लाऊज पाहिजे, सध्या हेच चाललंय.” नाना हात मागे बांधून हे सगळं बघत होते. त्यांची मुलगीही त्या गर्दीत होती, तेव्हा नुकतीच कॉलेजात गेलेली.

सोमवारी नानांनी मॅडमना बोलावलं. मी आणि प्रतीक्षा जिनिंगच्या उरलेल्या पट्ट्या परत द्यायला त्याच ऑफिसात उभ्या होतो. नाना उठून उभे राहिले. म्हणाले, “मॅडम, मी शब्द दिला होता. तुम्ही कुठेही जायचं नाही. तुम्हाला आता कायम करून घेतो. जूनपासून कॉर्सेट ब्लाऊजचा खास वर्ग, अख्ख्या जिल्ह्यात कोणाला येत नाही, फक्त तुम्हाला येतं.”

प्रतीक्षाने माझा हात दाबला. मॅडमनी पदर नीट केला. “नाना, मला ते येतं, हे खरं आहे,” त्या म्हणाल्या. “पण माझा विषय ती सुटली कशी, हा आहे. बांधायची कशी, हा नाही.”

“अहो, पण दोन्ही एकच की.”

“एकच असतं तर त्या दिवशी पोरीचा श्वास अडकला नसता.”

नाना खरंच चक्रावले. त्यांनी समजावलं, पुन्हा विचार करा म्हणाले, चहा मागवला. मॅडमनी चहा घेतला, कप स्वतः उचलून बाजूला ठेवला, आणि नमस्कार करून निघाल्या. जिन्यात मी म्हटलं, “मॅडम, घ्यायचं होतं ना. शिकवता शिकवता इतिहासही सांगितला असता.” त्या थांबल्या. “भीती तीच वाटली गं मला,” म्हणाल्या, “की सवय होईल.” आणि कठडा धरून खाली उतरायला लागल्या. घरी एकट्या, वय पन्नाशीच्या पुढे, दुसरी नोकरी कुठे मिळणार होती? मला त्यांचा राग आला आणि अभिमानही वाटला, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे एसटीत मी दीपनगर येईपर्यंत रडत होते.

पुढे माझं लग्न झालं, मी धुळ्याला आले. तिथे माझं छोटं बुटीक आहे. मध्यंतरी माहेरी गेले असताना मेहरूणला मॅडमकडे डोकावले. फाटकावर हाताने रंगवलेली पाटी होती : ‘ब्लाऊज सैल करून मिळेल.’ मी पाटीपुढे उभी राहून एकटीच हसले. आत ओट्यावर पाच-सहा बायका मांडीवर पिशव्या घेऊन बसलेल्या. “लग्नसराई संपली की अशीच रांग लागते,” मॅडम म्हणाल्या, नाकावर चष्मा, हातात उसवणी. “एकदाच घालून बसतात, मग माझ्याकडे येतात.”

समोरच्या खुर्चीत नानांची मुलगी होती. लग्न होऊन थोडेच दिवस झालेले, हातावरची मेंदी अजून पुरती गेली नव्हती. तिचा भरजरी कॉर्सेट ब्लाऊज मॅडमच्या मांडीवर पडला होता आणि त्या तो एकेक टाका करत उसवत होत्या, अगदी सावकाश, मुद्दाम. “मॅडम, लवकर होईल का? पप्पा गाडीत थांबलेत,” ती म्हणाली.

“त्यांनाही बोलव आत,” मॅडम म्हणाल्या. “टकल्या राजाचा काळ होता. लंडनमध्ये एक नाचणारी बाई होती.”

बाहेर गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. नाना चप्पल काढून आत आले आणि बायकांच्या मागे, भिंतीशी, गुपचूप बसले.